जंगलातला भविष्यकाळ

निवृत्तीनंतर माझा फोटो पहिल्यांदा फ्लेक्सवर लागला तो वाघाशेजारी. वाघ पूर्ण आकाराचा होता आणि मी कोपऱ्यात, पासपोर्टच्या फोटोतून उचलून आणलेला, डोळे अर्धवट मिटलेला. वर मोठ्या अक्षरांत ‘भव्य इंग्रजी काळ कार्यशाळा’ असं लिहिलं होतं. मी बसमधून उतरलो तेव्हा पानठेल्यावरचे दोन म्हातारे त्या फ्लेक्सकडे पाहत उभे होते. एकाला वाचता येत नव्हतं. त्याने दुसऱ्याला विचारलं, “हा कोन? वाघानं नेला का?”

आमच्या चंद्रपूरकडे हा प्रश्न विनोदी नाही. वाघ आणि माणसाचा फोटो एकाच फ्लेक्सवर दिसला, की पाहणारा आधी श्रद्धांजलीची तारीख शोधतो. “नाही भाऊ, अजून नेला नाही,” मी म्हणालो. दोघांनी माझ्याकडे आणि मग फ्लेक्सकडे पाहिलं. फोटो फारसा जुळत नसावा, कारण त्यांनी विषय सोडून दिला.

गाव जंगलाच्या गेटजवळचं. तिथे पर्यटकांच्या जिप्सीत बसायला गाइड लागतात, आणि नव्या गाइडांची यादी करायची होती. उमेदवार आठ. सगळे तिथलेच, जंगल पायाखालचं असलेले. पण बाहेरचे पर्यटक वाढले म्हणून इंग्रजीची तोंडी परीक्षा आली होती, आणि आदल्या वर्षी त्या परीक्षेत बहुतेकांची दांडी उडाली होती. ‘उमेदवारांना काळ वापरता येत नाहीत’ असा शेरा वरून आला. शेरा आला की त्यावर कार्यशाळा घ्यावी लागते, आणि कार्यशाळा म्हटली की कुणीतरी शिकवणारा लागतो. एकतीस वर्षं मी शाळेत इंग्रजीचे काळ शिकवले. सोबतच्या लोकांनी तेवढ्या वर्षांत घरं बांधली. मी हो म्हणालो.

उद्घाटन दहा वाजता होतं. प्रमुख पाहुणे सव्वाबाराला आले आणि ‘काळाचे महत्त्व’ या विषयावर चाळीस मिनिटं बोलले. त्यांच्यानंतर नागपूरचे एक तज्ज्ञ उठले. त्यांनी एका नळकांड्यातून प्लास्टिक चढवलेला तक्ता काढला. त्यात बारा चौकोन, बारा रंगांचे. “या बारा घरांत संपूर्ण इंग्रजी भाषा राहते,” असं म्हणून त्यांनी तक्ता भिंतीवर टांगला, शाल स्वीकारली, जेवले आणि गेले. परीक्षा घ्यायला ते स्वतःच येणार होते. मधले बारा दिवस मला दिले होते. रोज एक घर.

आठ उमेदवारांत एकच बाई होती. वय तीस-बत्तीस, तलावाकाठच्या ढिवर घरातली. माहेरही मासेमारीचं, सासरही. एखादा नेहमीचा गाइड आला नाही तर तिला बदली म्हणून जिप्सीत पाठवत, तेही मराठी पर्यटक असतील तर. तिला कायमचा बिल्ला हवा होता. आदल्या वर्षी ती इंग्रजीतच अडकली होती. तिच्या कागदावर ‘उमेदवार निरुत्तर’ असा शेरा होता. जुन्या उमेदवारांना ही शेवटची संधी, असं या वर्षीच्या पत्रात स्पष्ट लिहिलं होतं. यंदा नाही जमलं की तिचं नाव कायमचं कटणार होतं. ते पत्र तिने घडी करून वहीत ठेवलं होतं, आणि वही उघडली की आधी ते खाली पडायचं.

“इंग्रजी अजिबात येत नाही का?” मी पहिल्या दिवशी विचारलं.

“येते सर. थोडी थोडी येते.”

“मग निरुत्तर का झालीस?”

ती तक्त्याकडे पाहत राहिली. मी तिथेच ओळखायला हवं होतं, पण एकतीस वर्षांच्या मास्तरकीत गप्प बसलेला विद्यार्थी म्हणजे न आलेलं उत्तर, एवढंच गणित डोक्यात बसलेलं असतं.

आमच्या भागात खरं तर बारा घरांची गरज कधी पडली नाही. ‘करून राह्यलो’ म्हटलं की काम चालू आहे, चालू होणार आहे, किंवा तुम्ही विचारलंत म्हणून चालू असल्याचं सांगतो आहे, यांतलं काहीही असू शकतं. पहिले चार दिवस सगळ्यांचीच इंग्रजी वाक्यं तशी आली. वाघ झोपून राह्यला, वाघ पाणी पिऊन राह्यला, सूर्य पूर्वेला उगवून राह्यला. सगळी सृष्टी कामात.

पाचव्या दिवशी मी त्या घराशी आलो जिथे माझे सगळे वर्ग बुडत आले आहेत. काम होऊन गेलं, पण त्याची खूण अजून समोर आहे, तेव्हा वापरायचा तो काळ. शाळेत मी तो ‘माझी किल्ली हरवली आहे’ या वाक्यावर शिकवत असे. पुढे बसलेल्या निम्म्या मुलांच्या घराला कुलूपच नसे. त्या दिवशीही मी सवयीने किल्ली हरवली. आठही चेहरे कोरे.

ती बाई बाहेर व्हरांड्याच्या पायरीकडे बोट दाखवून म्हणाली, “सर, म्हंजे ओला पगमार्क?”

“काय?”

“जनावर गेला. पन पायाच्या खुनेत पानी अजून भरूनच राह्यलं. म्हंजे आत्ताच गेला, जवळच आहे. त्याले हे वाक्य. अन् खून वाळली, कडा ढासळल्या, त्याच्यावरून किडा चालत गेला, तर मंग ते दुसरं, साधं.”

मी खडू खाली ठेवला. “म्हण.”

“टायगर हॅज गॉन,” ती म्हणाली. “वाळली तर टायगर वेंट.”

पाच मिनिटांत आठही जणांना तो काळ आला. त्या किल्लीवर मी किती पिढ्या वाया घालवल्या याचा हिशेब मी मुद्दाम केला नाही. संध्याकाळच्या बसमध्ये मात्र मनात ठरवून टाकलं, ही पास होणार. नापास व्हायला काही कारणच उरलं नव्हतं.

नवव्या दिवशी भविष्यकाळ आला. मी पंधरा वाक्यं लिहून दिली, रिकाम्या जागा भरायला. इतरांनी भरल्या. तिच्या वहीत सात भरलेल्या आणि आठ तशाच. उद्या मी बाजारात जाईन, भरलं होतं. उद्या आपण वाघ पाहू, कोरं. माझा भाऊ लग्न करील, भरलं होतं. तलावात पुष्कळ मासे मिळतील, कोरं.

“हे का सोडलंस? तेच तर आहे. वर जे लिहिलंस तेच खाली लिहायचं.”

“समजते सर.”

“मग?”

“बोलत नाई.”

वर्गात एक पोरगेलासा उमेदवार होता, तोही बदलीवर जिप्सीत जाणारा, गॉगल केसांत खोचून बसणारा. त्याने निवडीच्या आधीच खाकी गणवेश शिवून घेतला होता आणि तो घालून काढलेला फोटो मोबाइलच्या स्टेटसला टाकला होता. त्याला भविष्यकाळाची काहीच अडचण नव्हती. तो म्हणाला, “सर, तिले वाटते वाघ वही वाचते.” सगळे हसले.

“तू हसून घे,” ती त्याला म्हणाली. “तू रोज पर्यटकाले सांगतं, दोन दिसतीन, तीन दिसतीन. मागल्या पंधरवड्यात तुले काय दिसलं? मोर.”

“मोरही जनावरच आहे बाई!”

वर्ग सुटल्यावर मी तिला थांबवलं. तेव्हा तिने सांगितलं. त्यांच्या घरी जाळं टाकायच्या आधी मासोळीचं नाव घेत नाहीत. किती मिळतील, कोणती मिळेल, काही नाही. आणि जंगलात वाघ आला-गेला एवढं बोलायचं, ‘त्याचं’ पुढचं नाहीच. ‘दिसेल’ म्हणायचं नाही, ‘दिसणार नाही’ हेही म्हणायचं नाही. आदल्या वर्षी तज्ज्ञांनी विचारलं होतं, आज आपल्याला वाघ दिसेल का? प्रश्न समजला होता. उत्तरही येत होतं. पण ती जिप्सीत बसली होती, गेटच्या आत. ती गप्प बसली. त्यांनी दोनदा विचारलं, मग लिहून टाकलं.

मी शिकलेला माणूस. मी तिला समजावलं, की व्याकरण म्हणजे भाकीत नव्हे. वाक्यातल्या वाघाचा जंगलातल्या वाघाशी काही संबंध नसतो. मी शाळेत हजारो वेळा ‘उद्या पाऊस पडेल’ म्हणालो आहे आणि पावसाने एकदाही दखल घेतलेली नाही. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“तुमचं बरोबर आहे सर,” ती म्हणाली. “पन तुम्ही बसनं वापस जाता. आमाले तिथीच राहाचं आहे.”

दुसऱ्या दिवशी मी तिच्या सासऱ्याला भेटायला तलावावर गेलो. घरच्या वडीलधाऱ्याने सूट दिली तर प्रश्न सुटेल, असा माझा हिशेब होता. म्हातारा पाळीवर, तलावाच्या बांधावर, बसून जाळं दुरुस्त करत होता. सूत पायाच्या अंगठ्यात अडकवलेलं. सोमवारी दवाखान्यात जाईन, असं तो सांगत होता. मी गप्पा मारता मारता सहज विचारल्यासारखं विचारलं, “काय भाऊ, उद्या मासे मिळतील ना?”

त्याचा हात थांबला. माझ्याकडे त्याने असं पाहिलं, जणू मी त्याच्या घरात चपला घालून देवापुढे गेलो होतो. मग पुन्हा सूत ओढलं.

“गुरुजी, पानी पाहा. चांगलं आहे पानी,” तो म्हणाला.

“म्हणजे उद्याचं तुम्ही काहीच बोलत नाही?”

“बोलतो ना. लगन बोलतो, बाजार बोलतो, पंचाईत बोलतो. सोमवारी दवाखान्यात जाईन, बोललो ना आत्ताच? पानी अन् जंगल सोडून.” दोन गाठी मारून झाल्यावर त्याने पुढचं सांगितलं. “आमचा एक जवाई होता. बोलला, उद्या हातभर मरळ आनतो, मसाला वाटून ठेवा. वाटला मसाला. दुसऱ्या दिवशी जाळं बुडातल्या खुंट्याले अडकलं अन् फाटलं मधातून. ते हे जाळं. अजून शिवूनच राह्यलो.”

“किती वर्षं झाली?”

“पोरगी आजी झाली त्याची.”

सूट मागायची राहूनच गेली. परत येताना बसमध्ये मला माझी आई आठवली. आमचं घर चंद्रपूरच्या जुन्या बाजारातलं, वडिलांचं बांगड्यांचं दुकान. घरात उद्याचं कुठलंही वाक्य मोकळं सुटत नसे. मी लहानपणी म्हणालो, “अम्मी, कल मैं मैच जीतूँगा,” की चुलीपाशून आवाज यायचा, “पहले इंशाअल्लाह बोल.” ते म्हटल्याशिवाय डबा हातात मिळत नसे. पुढे कॉलेजात जाऊन, चार पुस्तकं वाचून, मी या सवयीवर हसायला शिकलो. अजूनही रिक्षावाल्याला ‘उद्या आठला ये’ म्हणताना तो शब्द तोंडातून निघूनच जातो, आणि मी आजूबाजूला कुणी शिकलेलं माणूस नाही ना, हे पाहून घेतो.

अकराव्या दिवशी मी तिला हा उपाय सुचवला. “आधी देवाचं नाव घे. आमच्या घरी घेतात. त्याच्या मर्जीने दिसेल, असं म्हण.”

“तुमच्यात चालते सर, चांगलं आहे,” ती म्हणाली. “आमच्यात देवाले मधात नाई टाकत. आमच्यात चूप राहतेत.”

“बरं, मग ‘मे’ वापर. कदाचित दिसेल.”

ती विचारात पडली. “कदाचित म्हंजेही नाव तं घेतलंच ना?”

मी बाराही घरं पालथी घातली. वाघाच्या बाबतीत तिला भूतकाळाची सगळी घरं मोकळी होती, वर्तमानाची चारही. भविष्याच्याच दाराला कुलूप होतं, आणि परीक्षा नेमकी त्याच दाराशी बसणार होती. शेवटी मी वैतागून म्हणालो, “मग त्या वेळी निदान तोंड तरी उघड. त्यांना वाटतं तुला येत नाही. येत नाही आणि बोलत नाही यांतला फरक त्यांना कळू दे.”

“मोठे लोक आहेत सर. त्याहिले कसं बोलाचं?”

यावर माझ्याकडे काळ नव्हता.

परीक्षा सकाळी सहाला, चालत्या जिप्सीत, दोन-दोन उमेदवारांची. मधल्या सीटवर तज्ज्ञ आणि वनखात्याचे एक साहेब. साहेब निवृत्तीला टेकलेले, मफलर गुंडाळून जांभया देत होते. मागे मी, निरीक्षक म्हणून, तोंड न उघडण्याच्या अटीवर. माझ्याशेजारी गॉगलवाला. गाइडच्या सीटवर आधी तो बसला होता. त्याला तज्ज्ञांनी विचारलं, आज वाघ दिसेल का? “येस सर! वुई विल सी टायगर! टू टायगर! हंड्रेड पर्सेंट!” तज्ज्ञांनी समाधानाने लिहून घेतलं. तासभर फिरलो. माकडं दिसली. काळ अचूक होता म्हणून त्याला पूर्ण गुण पडले, असं मला तिरकं पाहून दिसलं.

मग ती पुढे बसली. साडीवर जुनं जर्किन, डोक्याला रुमाल. दोन वळणं गेल्यावर तिने ड्रायव्हरच्या हातावर बोट टेकवलं. गाडी थांबली. ती वाकून रस्त्याच्या कडेला पाहत राहिली.

“सर, टायगर हॅज क्रॉस्ड द रोड,” ती हळू म्हणाली. “वॉटर इज कमिंग इन फूटमार्क. ही हॅज गॉन धिस साइड.”

साहेब जांभई अर्धी सोडून पुढे झुकले. “बरोबर आहे,” ते मराठीत म्हणाले.

“ते ठीक आहे,” तज्ज्ञ म्हणाले. त्यांच्या मांडीवरच्या कागदावर प्रश्न छापलेले होते. त्यांनी चष्मा सरळ केला. “विल वुई सी अ टायगर टुडे?”

ती गप्प.

“विल वुई सी?” त्यांनी आवाज चढवला. बांबूंच्या मागे काहीतरी दबकत हललं आणि थांबलं. चितळ इशाऱ्यासारखं एकदाच ओरडलं. तज्ज्ञांनी पेनाचं टोपण काढलं. आदल्या वर्षीही ते असंच निघालं असणार. बारा दिवस, ओल्या खुणेतलं पाणी, घडीचं ते पत्र, सगळं त्या टोपणावर आलं होतं.

ती मागे वळली. तिने दोन्ही हातांनी सीटची दांडी घट्ट धरली होती.

“सर,” ती म्हणाली, “धिस क्वेश्चन, नो. इन जंगल, वुई डू नॉट से. माय फॅमिली डज नॉट से. आस्क मी अदर विल.”

“अदर विल?”

“आस्क बस, सर. आस्क बाजार. आय नो ऑल विल. ओन्ली धिस विल, नो.”

तज्ज्ञ कागद उलटसुलट करू लागले. कागदावर दुसरा भविष्यकाळ छापलेला नव्हता. “हे प्रश्नपत्रिकेच्या बाहेर आहे,” ते साहेबांना म्हणाले.

साहेबांनी मफलर सैल केला. “वाघही प्रश्नपत्रिकेच्या बाहेरच आहे,” ते म्हणाले. मग तिच्याकडे वळून, सावकाश, तोडक्या इंग्रजीत विचारलं, “व्हेन विल द चंद्रपूर बस कम?”

“बस विल कम ॲट इलेव्हन, सर,” ती एका दमात म्हणाली. मग पुस्ती जोडली. “बट इट हॅज नेव्हर कम ॲट इलेव्हन.”

साहेब इतके मोठ्याने हसले, की बांबूंच्या मागे जे काही होतं ते निघून गेलं. आम्हाला शेपटीचं टोकसुद्धा दिसलं नाही. तज्ज्ञांनी काहीतरी लिहिलं, साहेबांनी कागद आपल्याकडे ओढून आणखी काहीतरी लिहिलं. गेटवर उतरल्यावर मी न राहवून तिला विचारलं, “पास होशील ना?”

तिने माझ्याकडे तिच्या सासऱ्यासारखं पाहिलं. परीक्षा जंगलात झाली होती. माझ्याच लक्षात राहिलं नाही.

आठवड्याने यादी गेटच्या फळ्यावर लागली. गॉगलवाला पहिला, ती शेवटची. शेवटची असली तरी यादीत होती. मी मुद्दाम त्या दिवशी गेलो होतो. बस अकराऐवजी एकला पोहोचली. तेवढ्या वेळात ती तालुक्याला जाऊन आली होती, अंगात नवीकोरी खाकी, छातीला बिल्ला.

“आज यादी लागली आणि आज शर्ट शिवून झाला?” मी विचारलं. “म्हणजे कापड आधीच दिलं होतंस टेलरला! मग तिकडे उद्याचं बोललीसच की. मोठी नियमाची!”

गॉगलवाला लगेच पुढे सरसावला. “पकडली ना सर! बोल आता बाई!”

ती लाजली नाही. मान थोडी वर करून कॉलर दाखवली. तिथली शिवण ताजी होती, धाग्याचं एक टोक कापायचं राहिलं होतं.

“कॉलर नव्हती लावाले सांगितली सर. यादी लागली, मंग बसवून आनली,” ती म्हणाली. “तोपर्यंत तो शर्ट कुठी होता? कापडच होतं.”

मी परतीच्या बससाठी थांबलो. ती दुपारच्या पहिल्या जिप्सीत बसत होती. मागच्या सीटवर एक परदेशी जोडपं होतं, गळ्यात हातभर लांब कॅमेरे. गाडी सुटता सुटता त्यातल्या बाईने तिला काहीतरी विचारलं. इतक्या लांबून शब्द ऐकू आले नाहीत, पण प्रश्न कोणता ते मला ठाऊक होतं. ती मागे वळून हसली, त्यांच्या पायाशी पडलेली पाण्याची बाटली नीट ठेवायला सांगितली, आणि रस्त्याकडे पाहत बसली.

पानठेल्यावरच्या म्हाताऱ्याने मला विचारलं, “मास्तर, बस येईन का आता?”

“येईल,” मी म्हणालो, आणि अम्मीचा तो नेहमीचा शब्द पुढे जोडला. या वेळी आजूबाजूला कुणी आहे का ते पाहिलं नाही.